आमचा आजार विकला गेला, दावा मात्र एकेकट्याने करायचा? ठाण्याच्या खासदारांना खुले पत्र

मा. खासदार महोदय,
ठाणे लोकसभा मतदारसंघ

सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहणारी आपली मतदार. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे आणि गेली सहा वर्षं आमच्या सोसायटीची सचिव आहे. हे पत्र आपल्या कार्यालयात नेऊन देता आलं असतं. तरीही उघड लिहिते आहे, कारण विषय, म्हणजे एका ॲपमधून बाहेर गेलेली आमच्या आजारांची माहिती, माझ्या एकटीचा नाही. तो प्रत्येकाचा वेगवेगळा मानला गेला, तिथेच आमचं सगळं अडलं आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत रक्ततपासणी शिबिर झालं. एका आरोग्य ॲपच्या लोकांनी ते भरवलं होतं. अट एवढीच होती की दाराशी लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून ॲप घ्यायचं, त्यात आपली माहिती भरायची आणि मग रक्त द्यायचं. बाहेर एवढ्या तपासण्या करायच्या तर चांगले पैसे मोजावे लागतात. आमच्याकडे निवृत्त माणसं पुष्कळ आहेत, शिवाय वॉचमन, सफाईवाले, घरकामाला येणाऱ्या बायका. त्यांचंही होऊन जाईल म्हणून मी तिन्ही विंगमध्ये दारोदार जाऊन सांगितलं. ज्यांना फोनवर टाइप करणं जमत नाही त्यांच्याशेजारी बसून मी त्यांचे फॉर्म भरून दिले. एकूण ४१ जणांनी रक्त दिलं. त्यातल्या पंधरा-सोळा जणांच्या फोनवरचं ‘मान्य आहे’ हे बटण माझ्या बोटाने दाबलं गेलं आहे. पुढे जे झालं ते मला सोडून देता येत नाही, त्याचं कारण हे आहे.

फॉर्ममध्ये वय, वजन, चालू गोळ्या, घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, पाळी नियमित आहे का, झोप लागते का, मन उदास असतं का, असे प्रश्न होते. डॉक्टर विचारतात तसेच. म्हणून लोकांनी डॉक्टरला सांगतात तशीच खरी उत्तरं दिली.

बुधवारी रात्री उशिरा ॲपवर रिपोर्ट आला. मी झोपले होते, पाहिला नव्हता. गुरुवारी सकाळी भाजी घेत असताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “मॅडम, तुमची तीन महिन्यांची शुगर ८.४ आली आहे. आमचा सहा महिन्यांचा मधुमेहमुक्तीचा कोर्स आहे, आज भरलेत तर सवलत मिळेल.” मला मधुमेह आहे हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या डॉक्टरांनी सांगायच्या आधी, माझ्या यजमानांना कळायच्या आधी, एका विक्रेत्याने ते मला सांगितलं. त्या आठवड्यात मला असे अकरा फोन आले. विमा, साखर न घातलेली मिठाई, ग्लुकोमीटर, काढे. प्रत्येकाला माझा आकडा ठाऊक होता.

माझं दुःख लहान आहे. खरं सांगायचं ते दुसऱ्या घराबद्दल आहे. आमच्याकडची एक सून दोन वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या घेते आहे. ते तिला आणि तिच्या नवऱ्यालाच माहीत होतं. फॉर्ममध्ये तिने खरं लिहिलं आणि दुसरा नंबर म्हणून घरचा नंबर दिला. तो फोन सासूबाईंकडे असतो. पलीकडच्या मुलीने त्यांनाच विचारलं, “त्या डिप्रेशनच्या गोळ्या घेतात ना, त्यांच्यासाठी आमचं ऑनलाइन समुपदेशन आहे.” त्या घरात पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. ती पाच आठवडे कळव्याला माहेरी होती. परत आल्यावर लिफ्टमध्ये बायका तिच्याशी ज्या मवाळ आवाजात बोलायला लागल्या, तो आवाज तिला सर्वांत जास्त टोचतो, असं तिने मला सांगितलं.

हा परिच्छेद मी तिला आधी वाचून दाखवला. तिने दोन ओळी काढायला सांगितल्या, मी काढल्या. मग ती म्हणाली, आता लिहा. परवानगी अशी घेतली जाते. माणसाला नेमकं काय बाहेर जाणार हे त्याच्या भाषेत सांगायचं आणि त्याला खोडायची संधी द्यायची. त्या ॲपने घेतलेली परवानगी बारीक इंग्रजी अक्षरांत होती. पुढे मी माझ्या भाच्याकडून तो मजकूर छापून घेतला, तो तेवीस पानं भरला. त्यात ‘भागीदार संस्थांना सेवा सुधारण्यासाठी माहिती दिली जाऊ शकते’ असं एक वाक्य आहे. त्याच एका वाक्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे.

आम्ही ॲपच्या कंपनीला लेखी विचारलं की आमची माहिती कोणाकोणाला दिली, किती जणांची दिली आणि ती परत घेणार का. उत्तर दोन ओळींचं आलं. आपण अटी मान्य केलेल्या आहेत, आणि आपले खाते बंद करायचे असल्यास सेटिंगमध्ये जावे.

मग आम्ही दाद मागायला निघालो. महोदय, इथून पुढचं कृपया सावकाश वाचावं, कारण हे दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० हा नंबर आहे. नको असलेले जाहिरातीचे फोन आले तर १९०९ आहे. आजाराची माहिती बाहेर गेली तर कुठला नंबर लावायचा, हे मला चार महिने विचारूनही कोणी सांगू शकलेलं नाही. १९०९ वर आम्ही तक्रारी केल्या. एक नंबर बंद झाला की दुसऱ्या नंबरवरून फोन येई. फोन करणाऱ्या मुलांचा यात फारसा दोषही नाही. त्यांच्या हातात कोणीतरी यादी दिली, आणि त्या यादीला कोणी हात लावत नाही.

ठाणे कोर्टातल्या एका वकीलबाईंनी आमचे कागद फी न घेता वाचले. त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. चूक झाली असेल तर ती माझी.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चांगला आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. कलम ३५ खाली, ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन, एका ग्राहकाला सारखंच हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने तक्रार करता येते. घर वेळेवर न मिळालेले लोक बिल्डरविरुद्ध याच वाटेने गेले आहेत. मी आनंदाने म्हटलं, मग आपलं काम झालं. त्या म्हणाल्या, थांबा. त्याच कायद्यात सेवेची व्याख्या आहे आणि मोफत दिलेली सेवा तिच्यातून वगळली आहे. तुम्ही तपासणीचे पैसे दिले नाहीत, ॲपचे दिले नाहीत, मग तुम्ही ग्राहक आहात का, इथूनच वाद सुरू होईल. म्हणजे आम्ही माहितीच्या रूपाने किंमत मोजली, पण ती रुपयांत नव्हती म्हणून मोजणीत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे ग्राहकवर्गाच्या वतीने तक्रार पाठवता येते, कलम १७ खाली. ती आम्ही पाठवणार आहोत. पण ‘ग्राहक’ या शब्दाशी तिथेही गाठ पडणारच.

दुसरी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याची. त्यातलं कलम ४३अ सांगतं की संवेदनशील माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली आणि त्यातून कोणाचं नुकसान झालं, तर तिने भरपाई द्यावी. २०११ च्या नियमांत शारीरिक आणि मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय इतिहास, हे सगळं संवेदनशील म्हणून नाव घेऊन लिहिलं आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णय अधिकारी म्हणून चालतात. पण तिथे नुकसान दाखवावं लागतं. त्या सुनेने काय दाखवावं? पाच आठवड्यांचं माहेरपण? आमच्या वॉचमनला फोन आले, त्याने दोन हजारांचे काढे घेतले, पावती नाही. तो एक दिवसाचा पगार बुडवून मंत्रालयात जाईल का? ४१ जणांनी ४१ अर्ज करायचे, आपापलं नुकसान आपापल्या ताकदीवर सिद्ध करायचं, समोर कंपनीची एकच फौज. मी गणिताची शिक्षिका आहे. हा भागाकार कोणाच्या फायद्याचा आहे हे मला दिसतं.

तिसरा आणि सर्वांत नवा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. माझी मुख्य तक्रार याच्याबद्दल आहे. ३ ऑगस्टला विधेयक मांडलं गेलं, ७ ला लोकसभेत आणि ९ ला राज्यसभेत मंजूर झालं, ११ ला राष्ट्रपतींची सही झाली. ते मागच्या लोकसभेत घडलं, त्यामुळे त्याचा जाब मी आपल्याला विचारत नाही. आता दुरुस्तीची जबाबदारी मात्र या लोकसभेची आहे.

या कायद्यात चांगलं काही नाही असं मी म्हणणार नाही. परवानगीची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, असं त्यात आहे. संमती दिली तितक्याच सहजपणे ती काढून घेता आली पाहिजे, असंही आहे. माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मला धीर आला होता. पण तो दंड जाणार कुठे? कलम ३४ सांगतं, भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती गेली त्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. तेवढंच नाही. हा कायदा पूर्ण लागू होईल त्या दिवशी ४३अ हे भरपाईचं कलम पुसलं जाणार आहे. कलम ४४ मध्ये तसं लिहून ठेवलं आहे. त्याच्याबरोबर २०११ चे नियम जातील आणि आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ राहणार नाही, कारण नव्या कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही. माझा मोबाइल नंबर आणि त्या सुनेच्या गोळ्यांचं नाव, दोन्ही एकाच रांगेत. या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाचं दारही कलम ३९ ने बंद केलं आहे. आणि तक्रार खोटी किंवा उथळ ठरली तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आपलं नाव यादीतून काढायला सांगितलं.

तारखांचा हिशेबही पाहावा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मंडळ स्थापन करण्याची कलमं लगेच लागू झाली. माहिती अधिकार कायद्यात बदल करून वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नागरिकाला नकार देणं सोपं करणारं कलमही लगेच लागू झालं. नागरिकाचे हक्क आणि कंपन्यांची कर्तव्यं मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. कंपन्यांना तयारीला वेळ हवा हे मला पटतं. पण आमची माहिती तोवर वाट पाहत थांबलेली नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले ती सांगते. या कायद्याच्या आधी एक मसुदा होता. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवालाबरोबर तो दिला, आणि त्यावर आधारलेलं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत आलं. त्या विधेयकाच्या ६४ व्या कलमात दोन गोष्टी होत्या. ज्याच्या माहितीचा गैरवापर झाला त्याला भरपाई मागता येईल. आणि एकाच कंपनीमुळे एखाद्या ओळखता येईल अशा समूहाला हानी पोचली असेल, तर सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करता येईल. एकच तक्रार, महोदय. आमच्या ४१ जणांना हवं होतं ते सगळं त्या पोटकलमात लिहिलेलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं आणि २०२३ च्या कायद्यात ते पोटकलम परत आलं नाही. भरपाईही आली नाही. ते का वगळलं, याचं मला पटेल असं उत्तर कुठे सापडलं नाही.

सामूहिक दाव्याची कल्पना आपल्याकडे परकी आहे असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रातिनिधिक दावा, म्हणजे एकाने अनेकांच्या वतीने करायचा दावा, कधीपासून आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४५ ने ठरावीक संख्येच्या भागधारकांना आणि ठेवीदारांना एकत्र दावा करण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे एखाद्या आरोग्य ॲपच्या कंपनीत पैसे गुंतवलेले लोक तिच्याविरुद्ध एकत्र उभे राहू शकतात. त्याच ॲपला आपलं रक्त आणि आपला आजार दिलेल्या लोकांना डेटाच्या कायद्यात तसा हक्क नाही. हे मला मान्य नाही.

अमेरिकेत काय झालं ते मी मुद्दाम वाचून काढलं. फ्लो नावाचं एक ॲप आहे, पाळीच्या तारखा आणि गरोदरपण नोंदवण्याचं. जगभरातल्या बायका ते वापरतात, आपल्याकडच्या मुलीही. २०१६ ते २०१९ या काळात त्या ॲपमध्ये फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांचे तयार सॉफ्टवेअरचे तुकडे बसवलेले होते. बाईने ॲपमध्ये गरोदरपणाचा आठवडा निवडला की ‘गरोदरपणाचा आठवडा निवडला’ अशा अर्थाच्या नावाची नोंद त्या तुकड्यातून पलीकडे जायची. ॲपने मात्र माहिती खासगी ठेवू असं वचन दिलं होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने हे छापलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने, २०२१ मध्ये फ्लोशी समझोता केला. त्यात अटी होत्या, दंड नव्हता. तेवढ्यावरच राहिलं असतं तर ते आपल्यासारखंच झालं असतं. पण काही बायकांनी सगळ्यांच्या वतीने सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात सामूहिक दावा लावला. तो चार वर्षांहून जास्त चालला. गूगलने ४ कोटी ८० लाख डॉलर आणि फ्लोने ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. मेटा, म्हणजे फेसबुकची कंपनी, शेवटपर्यंत लढली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीने तिच्याविरुद्ध कौल दिला. मेटाला तो मान्य नाही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ज्या कायद्यावर तो कौल मिळाला तो कॅलिफोर्नियाचा १९६७ चा कायदा आहे, चोरून फोन ऐकण्याविरुद्धचा. त्यात प्रत्यक्ष नुकसान दाखवण्याची अट नाही. चोरून ऐकलं, हीच हानी. ॲपचा जन्मही नव्हता तेव्हाचा कायदा त्या बायकांच्या कामी आला. आपण २०२३ मध्ये नवा कायदा केला आणि त्यात हे बसवलं नाही.

गुडआरएक्स या औषधांच्या सवलतीच्या ॲपचंही तेच. २०२३ मध्ये सरकारी आयोगाच्या कारवाईत १५ लाख डॉलरचा दंड झाला. सामूहिक दाव्यात तडजोड अडीच कोटी डॉलरची झाली.

तिथल्या पद्धतीतले दोष मला माहीत आहेत. वकिलांची फी मोठी असते आणि एकेकीच्या हातात कधी कधी थोडेच डॉलर पडतात. पण रकमेपेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दावा उभा राहिला की कंपनीला कागद उघडावे लागतात. कोणती माहिती, कोणत्या दिवशी, कोणाकडे गेली, हे शपथेवर सांगावं लागतं. आम्हाला आमच्या दोन ओळींच्या ईमेलपलीकडे काहीही कळलेलं नाही. सुनेचं नाव अजून किती याद्यांत आहे, हे तिला आयुष्यभर कळणार नाही.

आपल्या मतदारसंघातला एक जुना अनुभव सांगते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे कारखाने जोरात होते तेव्हा काही रात्री वास यायचा. डोळे चुरचुरायचे, मुलं खोकत उठायची. रबाळ्यापासून कोपरखैरण्यापर्यंत एकाच वेळी खिडक्या लावल्या जायच्या. तेव्हा कोणी असं म्हटलं नाही की प्रत्येक घराने आपल्या हिश्श्याचा वास सिद्ध करावा. हवा सगळ्यांची होती, तक्रार सगळ्यांची होती. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महाप्यात, खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. देशातला केवढा तरी डेटा आपल्या मतदारसंघात साठवला जातो. निदान इथल्या खासदाराने तरी हा विषय कोणा दुसऱ्या शहराचा मानू नये, असं मला मनापासून वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि उपचार करणाऱ्यांना तोंड बंद ठेवायला सांगतो. त्या सुनेच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांबद्दल कोणाला सांगितलं असतं तर त्यांना जाब द्यावा लागला असता. तेच ॲपने सांगितलं तर आम्ही सेटिंगमध्ये जावं.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

२०२३ च्या कायद्यात दुरुस्ती करून २०१९ च्या विधेयकातलं ६४ वं कलम परत आणावं: भरपाईचा हक्क, आणि एका समूहाच्या वतीने एक तक्रार. सरकारने विधेयक आणलं तर उत्तमच. नाही आणलं तर आपण स्वतः खासगी सदस्य विधेयक मांडावं. शुक्रवारची दुपार त्यासाठीच राखलेली असते. ते मंजूर होणं कठीण असतं हे मला ठाऊक आहे. मांडलं गेलं तर निदान कामकाजात नोंद होईल आणि मंत्र्यांना उत्तर द्यावं लागेल.

ते होईपर्यंत कलम ४३अ पुसू नये. मे २०२७ मध्ये बाकीचा कायदा लागू करावा, पण भरपाईचं जुनं दार नवं उघडायच्या आधी बंद करू नये. ही अधिसूचनेची गोष्ट आहे, त्याला अधिवेशन लागत नाही.

आरोग्याची माहिती वेगळ्या, अधिक कडक वर्गात ठेवावी. ती जाहिरातीसाठी किंवा विक्रीसाठी देण्यावर पूर्ण बंदी असावी, माणसाने ‘मान्य आहे’ दाबलेलं असलं तरीही. तब्येत दाखवायला आलेला माणूस मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही. मी त्या हॉलमध्ये बसले होते, मी ते पाहिलं आहे. रक्त तपासून हवं असलेल्या माणसापुढे ते बटण ठेवणं म्हणजे विचारणं नव्हे.

ग्राहक कायद्यातल्या ‘मोफत सेवा’ या अपवादाला मर्यादा घालावी. जिथे सेवेच्या बदल्यात माहिती घेतली जाते तिथे मोबदला दिला गेला असं धरावं.

दंडाच्या रकमेतला काही भाग, ज्यांची माहिती गेली त्यांच्यासाठी राखावा.

शेवटची मागणी संसदेची नाही, आपल्या घरची आहे. ठाणे, ऐरोली, बेलापूर, मीरा-भाईंदर, कुठेही जा, नेत्यांच्या वाढदिवसाला आरोग्य शिबिरांचे फलक लागतात. लोकांना त्याचा उपयोग होतो. माझ्या शेजारच्या आजोबांचा मोतीबिंदू अशाच एका शिबिरात सापडला. यापुढे आपल्या नावाने किंवा आपल्या पक्षाच्या नावाने होणाऱ्या शिबिरात कोणालाही ॲप घेण्याची सक्ती असू नये. रिपोर्ट कागदावर, पाकिटात घालून, ज्याचा त्याच्या हातात द्यावा. नाव-नंबरांची वही शिबिर झाल्यावर कोणाकडे राहते, हे फलकावर लिहावं. एवढं आपण उद्यापासून करू शकता.

मी गेली वीस वर्षं एका ग्राहक संघाची सभासद आहे. महिन्याचं वाणसामान आम्ही दहा-बारा घरं मिळून घेतो, माल आला की एका घरी वाटप करतो. डाळीत खडे निघाले तर तक्रार एकीने केली तरी ती सगळ्यांची असते. संघातल्या कोणालाही ‘तुझे खडे किती, ते वेगळे दाखव’ असं कधी ऐकावं लागलं नाही. कायद्याकडून मी याहून मोठं काही मागत नाही.

या पत्राच्या मूळ प्रतीवर आमच्या ४१ पैकी २७ जणांच्या सह्या आहेत. ती प्रत आपल्या कार्यालयात पोचवली आहे. सह्यांचा कागद मी इथे छापत नाही, कारण नाव छापलं की तो माणूस त्या शिबिरात होता हे कळतं, आणि मग काय निघालं होतं ते विचारलं जातं. उरलेल्या १४ जणांनी याच भीतीने सही केली नाही. ती सून त्या चौदांत आहे. आज तिच्यासाठी दाद मागायची असेल तर तिला स्वतः, स्वतःच्या नावाने, आजार कागदावर लिहून उभं राहावं लागेल. ६४ व्या कलमासारखी एक तक्रार करता आली असती तर ती मी केली असती आणि तिला घरी बसून राहता आलं असतं.

अधिवेशनात आपण काय विचारलं आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते कळावं. आलेलं उत्तर आम्ही सोसायटीच्या फलकावर जसंच्या तसं लावू.

आपली,
ऐरोलीची एक मतदार,
निवृत्त गणित शिक्षिका